छिद्र पाडणाऱ्या जीवविषाचा रोगातील वाटा कसा तपासावा

काही जीवाणू पेशीपटलाला छिद्र पाडणारी प्रथिने, म्हणजे जीवविषे, सोडतात; अशा विषाचा रोगात खरोखर किती वाटा आहे, याच्या तपासणीची सुरुवात जनुकापासून करावी. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ले फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कसोटीनुसार जीवविषाचे जनुक काढून टाकल्यावर जीवाणूची रोगकारकता घटली पाहिजे आणि तेच जनुक परत बसवल्यावर ती पूर्ववत झाली पाहिजे. यातील दुसरा भाग गाळण्याचा मोह टाळावा, कारण त्याशिवाय जनुक काढताना शेजारच्या जनुकाला धक्का लागला होता की काय, ही शंका कायम राहते. शक्य असेल तेथे पेशीला चिकटणारे, पण छिद्र न पाडणारे बदललेले प्रथिनही वापरावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन या विषात ३५ व्या स्थानावरील हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन हे दुसरे अमिनो आम्ल घातले की असे प्रथिन मिळते.

प्राणी निवडण्यापूर्वी त्या विषाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील ज्या रेणूला ते चिकटते तो, कोणता आणि तो त्या प्राण्यात चालतो का हे पाहावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचेच दुसरे विष, पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, मानवी आणि सशाच्या पांढऱ्या पेशींना मारते, पण उंदराच्या पेशींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही; त्यामुळे उंदराला काही झाले नाही यावरून ते विष निरुपद्रवी ठरत नाही.

छिद्र पडते की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत तांबड्या रक्तपेशींची आहे. धुतलेल्या पेशींच्या पातळ द्रावणात विषाच्या उतरत्या मात्रा घालून ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि वरच्या द्रवाचे प्रकाश-शोषण ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजावे. शुद्ध पाण्यात फुटलेल्या पेशी म्हणजे १०० टक्के आणि नुसत्या बफरमधील म्हणजे शून्य. वरचा द्रव लाल झाला याचा अर्थ हिमोग्लोबिन छिद्रातूनच बाहेर पडले असा मात्र घेऊ नये. अल्फा-हिमोलायसिनचे सात घटकांचे छिद्र जेमतेम १ ते २ नॅनोमीटर रुंद असते. त्यातून आयन जातात, पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि मग फुटते. म्हणूनच बाहेरच्या द्रावणात छिद्रात न मावणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल (वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांत मिळणारे बहुवारिक) घातले तर पेशी वाचते, आणि कोणत्या आकाराचे रेणू तिला वाचवतात यावरून छिद्राच्या मापाचा अंदाज येतो. न्युमोकॉकस जीवाणूच्या न्युमोलायसिन या विषाचे छिद्र मात्र २५ नॅनोमीटरच्याही पुढे जाते.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न मात्र रक्तपेशींवर सुटत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा येथेच आहे. केंद्रक असलेली पेशी आत शिरणाऱ्या कॅल्शियमचा इशारा ओळखून पेशीपटलाचा जखमी भाग आत ओढते किंवा बाहेर टाकून देते, त्यामुळे थोडी छिद्रे पडूनही ती जगू शकते. म्हणून पेशी न मरणारी मात्रा शोधून काढावी आणि त्या मात्रेवर मॅक्रोफेजमधून (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींतून) बाहेर पडणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन मोजावे. त्याचे पूर्वरूप तयार व्हावे म्हणून पेशींना आधी लिपोपॉलिसॅकराइडने (काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातील घटकाने) चेतवावे लागते. छिद्रातून पोटॅशियम बाहेर गेल्याने पेशीतील एनएलआरपी३ इन्फ्लमेझोम हा धोका ओळखणारा प्रथिनसमूह जागृत होतो, इंटरल्यूकिनचे पूर्वरूप कापणारे कॅस्पेज-१ हे विकर कार्यरत होते आणि दाह सुरू होतो. बाहेरच्या द्रावणातील पोटॅशियम वाढवल्यावर हा प्रतिसाद दबला, तर कारण छिद्रच आहे असे म्हणण्यास आधार मिळतो.

येथे एक सापळा आहे. विष ई. कोलाय या जीवाणूमध्ये तयार केले असेल, तर त्याच्यासोबत आलेले लिपोपॉलिसॅकराइडच दाह घडवू शकते. विषाचा एक नमुना उकळून घ्यावा: बहुतेक विषे उकळल्याने निकामी होतात, लिपोपॉलिसॅकराइड टिकून राहते. उकळलेल्या नमुन्यानेही तोच प्रतिसाद दिला, तर मोजलेला परिणाम विषाचा नव्हे.

निष्कर्ष लिहिताना ‘जितकी छिद्रे अधिक, तितका रोग तीव्र’ असे समीकरण मांडू नये. पेशीच्या आत राहणाऱ्या लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस या जीवाणूचे लिस्टेरिओलायसिन ओ हे विष फॅगोसोममधील (पेशीने गिळलेला जंतू जिथे कोंडला जातो त्या पिशवीतील) आम्ल वातावरणात जोमाने काम करते आणि जीवाणूला तेथून निसटू देते. पेशीद्रवात त्याचे काम आवरले जाते. त्याच्या जागी परफ्रिंगोलायसिन ओ हे दुसऱ्या जीवाणूचे तशाच प्रकारचे विष घातले, तर जीवाणू फॅगोसोममधून सुटतो खरा, पण आसरा देणारी पेशीच मारून टाकतो, आणि उंदरात त्याची रोगकारकता नाहीशी होते.