परसातील कोंबड्या : या चुका टाळा

मखमलाबादच्या शिवारात, घरामागच्या परसात, मी गेली चौदा वर्षे वीस ते तीस गावरान कोंबड्या पाळत आलो आहे. या काळात आजूबाजूच्या अनेकांनी मोठ्या हौसेने खुराडी बांधली आणि त्यांतली बरीचशी वर्षाच्या आत रिकामी झाली. विचारले की ‘रोग आला’ एवढेच उत्तर मिळते. तो रोग बहुतेक वेळा मालकाने स्वतःच पिशवीत घालून घरी आणलेला असतो, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडणे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी एका आठवडे बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. पिसे तकतकीत, तुरा लालभडक, खाणेपिणे उत्तम, म्हणून मी त्या लगेच खुराड्यात सोडल्या. पाचव्या दिवशी त्यांतली एक पंख पाडून कोपऱ्यात बसली आणि तिला हिरवट हगवण लागली. पुढच्या आठवड्यात घरच्या कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या. तीन वेळा खुडूक बसून पिल्ले काढलेली माझी एक जुनी कोंबडी होती. तिची मान पिळल्यासारखी पाठीवर वळली होती. ती दाण्यावर चोच मारायची आणि चोच दाण्याच्या शेजारी, जमिनीवर आपटायची. भूक होती, दाणा समोर होता, पण तो तिला टिपता येत नव्हता. दोन दिवस मी तिला हाताने भरवले, तिसऱ्या दिवशी ती गेली. सव्वीसपैकी पाच कोंबड्या उरल्या.

ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हा विषाणूजन्य रोग असून त्यावर औषध नाही. दुकानातून आणून पाण्यात टाकलेल्या प्रतिजैविकाच्या पुडीने तो बरा होत नाही. त्या दिवाळीपासून मी कोणताही नवा पक्षी परसाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र जाळीत, पूर्ण एक महिना ठेवतो. त्याची भांडी वेगळी असतात, तिकडे जाण्याच्या चपला वेगळ्या असतात आणि दाणापाणी आधी घरच्या कोंबड्यांना, मग नव्यांना, हा क्रम मी कधीही मोडत नाही. एक महिना फार होतो, अशी तक्रार नवशिके करतात. ज्यांना महिनाभर थांबणे जमत नाही, त्यांनी कोंबड्या पाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्याच जोडीला ‘गावरान कोंबडीला लस लागत नाही’ हा समज येतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा आणि ८ ते १० आठवड्यांच्या वयात राणीखेतचीच आर-टू-बी लस टोचून, एवढे तरी झालेच पाहिजे. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, त्यामुळे मी ती बर्फाच्या थर्मासमधूनच आणतो. थेंब घालण्याचा कंटाळा येऊन अनेक जण ती सरळ नळाच्या पाण्यात मिसळतात. महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीनमुळे लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि मालक मात्र लस दिल्याच्या समाधानात राहतो. कुपीत शंभर मात्रा आणि घरी वीस पिल्ले, म्हणून लस टाळणाऱ्यांनी शेजारच्या चार घरांची पिल्ले एकाच दिवशी एकत्र टोचून घ्यावीत.

दुसरी चूक आपल्या नाशिकच्या थंडीतली आहे. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की लोक खुराडे चारही बाजूंनी प्लास्टिकच्या कागदाने गच्च बांधून टाकतात. रात्रभरात विष्ठेचा ओलावा आणि श्वासाची वाफ आतच कोंडते, खाली अंथरलेले तूस ओले होते आणि त्यातून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडल्यावर आपल्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर कोंबड्यांनी ती हवा रात्रभर ओढली आहे, हे समजून घ्यावे. मग शिंका, डोळ्यांत फेस आणि घरघर सुरू होते आणि दोष थंडीला दिला जातो. मोठी कोंबडी पिसे फुलवून थंडी सहज सोसते; तिला बाधतो तो अंगावर येणारा थेट झोत आणि ओलावा. मी उत्तरेच्या बाजूला जमिनीपासून बसण्याच्या दांडीच्या हातभर वरपर्यंत गोणपाट लावतो आणि छताखालची वीतभर फट बाराही महिने उघडी ठेवतो. पहाटे दांडीच्या उंचीला नाक नेऊन मिनिटभर श्वास घेतो, कारण उभ्याने आपल्याला तो वास नीट कळत नाही. पिल्लांचे मात्र वेगळे आहे : पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. ती दिव्याखाली ढीग करून बसली तर गारठली आहेत, दूर जाऊन धापा टाकू लागली तर दिवा वर घ्यावा.

पावसाळ्यात तूस रोज हलवावे आणि ओले झालेले लगेच काढावे, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते. बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी घालू नये. सडक्या कांद्याचे ढीग कोंबड्यांपुढे ओतू नयेत. कोंबडीजाळी मुंगसापुढे टिकत नाही. खालचे दोन फूट जाड वेल्ड जाळी लावून ती जमिनीत वीतभर पुरावी. अंडी देणाऱ्या कोंबडीपुढे शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम असावा.

एकाच वेळी अनेक पक्षी मेले, तर ते ओढ्यात फेकू नयेत किंवा गुपचूप पुरू नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता, हे आपल्या भागाने विसरू नये. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श न करता त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

द्राक्षबागेच्या कडेला राहणाऱ्यांनी फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस कोंबड्या कोंडून ठेवाव्यात आणि पाण्याची भांडी झाकावीत. बागायतदाराला आदल्या दिवशी फोन करून फवारणीची वेळ विचारण्यात मला कधीच संकोच वाटत नाही आणि तोही ती आनंदाने सांगतो.