ओरिकीतून बाईचा इतिहास कसा काढावा

ओरिकी म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांची माणसावरची, घराण्यावरची, गावावरची स्तुतिपदं. इतिहासाचं साधन म्हणून ती कशी वापरायची, हे नायजेरियाच्या इतिहासकार बोलान्ले अवे यांनी १९७४ च्या लेखात दाखवलं. घरोघरी ओरिकी म्हणण्यात बायका आघाडीवर असतात, म्हणून बायकांच्या इतिहासासाठी ही वाट विशेष मोलाची. इथे उदाहरण घेऊ एफुन्सेतान अनिवुराचं. १९ व्या शतकातल्या इबादानची ती इयालोदे, म्हणजे शहरातल्या बायकांची प्रमुख.

पद अखंड ध्वनिमुद्रित करा. मध्येच अर्थ विचारलात तर गाणारीची लय तुटते आणि ओळी गळतात. प्रश्न नंतर विचारा, ओळ-ओळ ऐकवून. लिहून घेताना स्वरांच्या चढउताराच्या खुणा हव्यातच. त्या गाळल्या तर नवरा, कुदळ, भाला आणि वाहन या अर्थांचे चारही योरुबा शब्द कागदावर एकसारखे दिसतात. गाणारी कोणत्या घराण्यात जन्मली, कुठे दिली, पद कोणत्या प्रसंगी म्हणते, हेही शेजारीच नोंदवा.

मग ओळी सुट्या करा. ओरिकीत घटनाक्रम नसतो. आजीची ओळ नातीला, एका सरदाराची दुसऱ्याला चिकटते. सलग चरित्र म्हणून वाचलंत की फसलात.

एफुन्सेतानच्या ओरिकीत तिची संपत्ती आरेपेक्षा, म्हणजे इबादानच्या युद्धप्रमुखापेक्षा जास्त असल्याचं म्हटलंय, शेतावर आणि बाजारात तिचे गुलाम असल्याचंही. स्तुती आहे, आकडा नव्हे. पण तुलना आरेशीच का? तेव्हाचा आरे लातोसा हा तिचा वैरी. इथेच ओरिकी बोलते: भांडण मानापमानाइतकंच पैशाचंही होतं.

आता हे सॅम्युअल जॉन्सन यांनी लिहिलेल्या योरुबांच्या इतिहासाशी ताडून पाहा. त्यांच्या मते १८७४ मध्ये तिला पदच्युत करताना तीन आरोप ठेवले: ती लातोसाबरोबर मोहिमेवर गेली नाही, रसद पाठवली नाही, आणि तो परतला तेव्हा वेशीवर सामोरी आली नाही. सरदारांना दारूगोळा उधार देणाऱ्या बाईने हात आखडता घेतला, असा हा मामला. त्याच वर्षी तिच्याच घरात गुलामांकरवी तिचा खून झाला.

जॉन्सनही जपून वापरा. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते. ग्रंथ १८९७ मध्ये पूर्ण झाला, मूळ हस्तलिखित हरवलं आणि भावाने पुन्हा जुळवलेला मजकूर १९२१ मध्ये छापला गेला.

सगळ्यात मोठा धोका नंतरच्या साहित्याचा. गुलामांना छळणारी क्रूर बाई ही तिची प्रतिमा रंगभूमीने घराघरांत नेली, आणि आज सांगणाऱ्याच्या आठवणीत नाटक मिसळलेलं असतं. म्हणून प्रत्येक कथेला विचारा: हे घरात ऐकलं की रंगमंचावर पाहिलं? मात्र तिने माणसं गुलाम म्हणून राबवली, हे झाकू नका. ते तिच्या स्तुतीतच आहे. साधनं जुळत नसतील तिथे दोन्ही पाठ छापा आणि कोणता कोणाच्या घरातला, ते लिहा.