खालच्या जागेच्या हर्पिसवर गोळ्या: कधी सुरू करायच्या, किती आणि कशा घ्यायच्या

मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा माझे चार दिवस वाया गेले. आधी खालच्या जागी नुसती आग, मग पाणी भरलेले बारीक फोड, जांघेत अवधान, अंगात कणकण, आणि मी लाजेपोटी मेडिकलमधून खाजेवरची म्हणून मिळते ती ट्यूब आणून लावत बसले. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, आणि व्हायरसच्या जखमेवर नुसतं स्टेरॉइड चोळलं तर ती आणखी चिघळू शकते. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तेव्हा लघवीला बसायची भीती वाटत होती. म्हणून सविस्तर लिहितेय, कारण या दुखण्यात गोळी कुठली यापेक्षा ती कधी सुरू केली याला जास्त किंमत आहे.

सगळ्यात आधी दाखवा, तेही फोड ताजे असताना. बोर्डावर त्वचा आणि गुप्तरोग तज्ज्ञ लिहिलेलं असतं ते डॉक्टर यासाठीच असतात, बायकांनी स्त्रीरोग तज्ज्ञांकडे गेलं तरी चालतं. पैशांची अडचण असेल किंवा ओळखीच्या दवाखान्यात जायचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. तिथली औषधांची किट रंगावरून ओळखतात, हर्पिसचं पाच नंबरचं लाल, त्यात असायक्लोविर या व्हायरसवरच्या औषधाच्या ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या, म्हणजे दिवसाला तीन असा सात दिवसांचा कोर्स. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर बहुतेक वेळा बघूनच ओळखतात आणि रिपोर्टसाठी न थांबता गोळ्या सुरू करतात, तेच बरोबर आहे. टेस्ट करायचीच तर फोडातल्या पाण्याची पीसीआर खरी, ती थेट व्हायरस शोधते. रक्तातल्या आयजीएम या अँटिबॉडीच्या टेस्टवर विसंबू नका, त्यातून बायकोनवऱ्यात फुकटचा संशय मात्र उभा राहतो. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सांगतील, ती टाळू नका.

आता एक घोटाळा, जो आपल्याकडे फार होतो. हर्पिस म्हटलं की घरच्यांना नागीण आठवते. नागीण वेगळी, ती कांजिण्यांचाच व्हायरस पुन्हा उठतो म्हणून होते आणि अंगाच्या एका बाजूला पट्टा येतो. आपला हा हर्पिस सिम्प्लेक्स, टाइप १ किंवा २. औषध दोन्हीला असायक्लोविरच, पण नागिणीला ८०० ची गोळी दिवसातून पाच वेळा देतात, त्यामुळे आजोबांच्या नागिणीच्या उरलेल्या गोळ्या आणि त्यांचा कागद बघून आपला डोस ठरवू नका.

पहिल्या वेळी साधारण हे लिहून देतात: असायक्लोविर ४०० तीन वेळा, किंवा व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम दोन वेळा, किंवा फॅमसायक्लोविर २५० तीन वेळा, ७ ते १० दिवस. चिठ्ठीवर टीडीएस म्हणजे तीनदा, बीडी म्हणजे दोनदा, ओडी म्हणजे एकदा. दहा दिवसांनीही जखमा भरल्या नसतील तर परत जाऊन दाखवायचं, कोर्स वाढवतात. व्हॅला महाग पडते, पण ती पोटातून चांगली शोषली जाते आणि अंगात गेल्यावर तिचं असायक्लोविरच होतं, नुसती असायक्लोविर घेतली तर रक्तात पोचतं ते जेमतेम १० ते २० टक्के, म्हणून ती जास्त वेळा घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर स्वस्तातली उत्तम आहे, फक्त दुपारची गोळी चुकता कामा नये. तीच चुकते, ऑफिसात, प्रवासात. मी मोबाइलवर सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ चे गजर लावले होते आणि दुपारची गोळी डब्याच्या पिशवीत ठेवायचे.

जेवणाआधी नंतर कशीही घ्या, पण पाणी भरपूर प्या, कारण हे औषध किडनीतून बाहेर पडतं आणि पाणी कमी पडलं तर तिथे त्याचे बारीक स्फटिक साचू शकतात. किडनीचा त्रास असेल, वय जास्त असेल किंवा रोज पेनकिलर चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. म्हाताऱ्या माणसाला या गोळ्यांवर असताना भ्रम झाला, असंबद्ध बोलायला लागलं, तर लगेच दवाखाना. एरवी थोडं डोकं दुखणं, मळमळ, जुलाब, एवढंच. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नाही.

गोळी पोटात जाऊन काम करेपर्यंत आग तर होतेच. पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसा, मग जागा न घासता टिपून कोरडी करा, चड्डी सुती आणि सैल. लघवी करताना तांब्याने वरून कोमट पाणी सोडत राहा किंवा टबातल्या पाण्यातच करा, जखमेला लघवी थेट लागत नाही, मला सगळ्यात जास्त आराम यानेच पडला. जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली डॉक्टर देतात. असायक्लोविरच्या मलमाचा मात्र इथे फारसा उपयोग होत नाही. लघवी पूर्ण अडली, किंवा तापाबरोबर मान आखडली, डोकं फुटायला लागलं, डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

या गोळ्यांनी व्हायरस अंगातून जात नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं, नाहीतर दुसऱ्यांदा आल्यावर माणूस खचतो. असायक्लोविर व्हायरसच्याच एन्झाइममुळे चालू होतं आणि त्याच्या नव्या प्रती बनणं थांबवतं, पण जो व्हायरस कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या नसांच्या गाठीत झोपलेला असतो तो प्रती बनवतच नसतो, मग औषध अडवणार कशाला. आणि फोड फुटून खपली धरली की व्हायरसचं बरंचसं काम उरकलेलं असतं. म्हणून परत येताना पहिल्या २४ तासांत गोळी पोटात हवी.

यासाठी बरं झाल्यावर डॉक्टरांकडून पुढच्या वेळेची चिठ्ठी आधीच मागून घ्या आणि एक पूर्ण कोर्स घरात ठेवा. मला येण्याआधी मांडीच्या मागून चमक जाते आणि त्याच ठरलेल्या जागी मुंग्या येतात, फोड दिसायच्या आधी पाच सहा तास. तेव्हाच सुरू करायचं. परतीचे कोर्स छोटे असतात, असायक्लोविर ८०० तीन वेळा दोनच दिवस, किंवा ८०० दोन वेळा पाच दिवस, किंवा व्हॅला ५०० दोन वेळा तीन दिवस. यातलं आपल्याला कुठलं ते डॉक्टर ठरवतील, एचआयव्ही असेल तर कोर्स लांबतो.

वर्षात सहा किंवा जास्त वेळा येत असेल, किंवा कमी येऊनही डोक्यात सारखं तेच घोळत असेल, तर रोजची गोळी मागायला संकोच करू नका. असायक्लोविर ४०० दोन वेळा किंवा व्हॅला ५०० एकदा, फारच वारंवार येत असेल तर १ ग्रॅम. येण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं. वर्षातून एकदा डॉक्टरांशी बोलून चालू ठेवायची का ते बघायचं.

पार्टनरला सांगणं मला गोळ्यांपेक्षा अवघड गेलं, आणि सांगताना हातात एक आकडा असल्याचा आधार वाटला. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात १,४८४ जोडपी होती, एकाला टाइप २ आणि दुसऱ्याला नाही. आठ महिन्यांत, हर्पिस असलेला जोडीदार रोज व्हॅला ५०० घेत असेल तर दुसऱ्याला लागण १.९ टक्के, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेत असेल तर ३.६ टक्के. म्हणजे धोका जवळपास निम्मा होतो, शून्य होत नाही, कारण फोड नसतानाही व्हायरस कातडीवर येत राहतो. कंडोम वापरायचाच, आणि मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी नीट होईपर्यंत संबंध बंद.

दिवस गेले असतील तर पहिल्याच तपासणीला सांगून टाका, नवऱ्याला हर्पिस असेल आणि तुम्हाला नसेल तरीही. ३६ व्या आठवड्यापासून बहुतेकदा असायक्लोविर ४०० तीन वेळा सुरू करतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी फोड असण्याची शक्यता कमी होते. कळा सुरू झाल्यावर फोड असतील किंवा नुसती आग, मुंग्या असतील तरी लेबर रूममध्ये शिरताशिरता सांगा, तेव्हा सिझर करतात, बाळाला लागण होऊ नये म्हणून.