बायबल आणि उत्खनन: पुरावा देताना या चुका टाळा

लाल समुद्राच्या तळाशी, मोशेचा पाठलाग करताना बुडालेल्या फारोच्या (मिसरच्या राजाच्या) रथाची चाकं सापडली, हा मेसेज चर्चच्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. ती चाकं कुठल्या संग्रहालयात आहेत, कोणी तपासली, हे त्यात कधीच नसतं. तरुण मुलं नेमकं तेच विचारतात, आणि उत्तर मिळालं नाही की त्यांचा खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. म्हणून हे लिहितोय.

वस्तू कुठे मिळाली, हे आधी बघा. ‘येशूचा भाऊ याकोब’ असा लेख असलेली अस्थिपेटी २००२ मध्ये जगभर गाजली, पण ती उत्खननातून नव्हे, एका संग्राहकाकडून पुढे आली होती. तिच्यावरच्या लेखाचा वाद अजून मिटलेला नाही. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (तिथल्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले १६ तुकडे तर २०२० मध्ये सगळेच्या सगळे बनावट निघाले.

याउलट उत्तर इस्राएलमधल्या तेल दानचा शिलालेख १९९३ मध्ये उत्खननातच सापडला. इ.स.पू. नवव्या शतकातल्या या अरामी लेखात ‘दावीदाचं घराणं’ असा उल्लेख आहे. तोवर दावीद राजाला दंतकथा म्हणणारे अभ्यासकही होते. सापडलं नाही म्हणजे घडलंच नाही, ही त्यांची चूक. पण त्या दगडावरून दावीदाने गल्याथ या महाकाय योद्ध्याला मारल्याची लढाई सिद्ध झाली म्हणणं हीही चूकच. दगड जेवढं सांगतो तेवढंच सांगा.

आणखी एक चूक म्हणजे एकाच बाजूचं वाचणं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला. बायबलच्या २ राजे १८ मध्ये यहूदाचा राजा हिज्कीयाने त्याला ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ३०० किक्कार चांदी दिल्याचं लिहिलंय. सन्हेरीबाच्या मातीच्या लेखातही सोनं ३०च आहे, चांदी मात्र ८००! हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी बढाई तो मारतो, पण शहर घेतलं असं कुठेच म्हणत नाही. यहूदाचं लाखीश शहर मात्र त्याने घेतलं, आणि तो वेढा आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात शिल्पांत कोरून घेतला. ती शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका रात्रीत अश्शूरचे १,८५,००० सैनिक मेल्याचं बायबल सांगतं, त्याबद्दल सन्हेरीब गप्प आहे. हा फरक बायबल शिकवताना वर्गात लपवू नका. दोन शत्रूंनी आपापल्या बाजूने एकच मोहीम सांगितली, हेच मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

जुन्या अहवालांवरही विसंबू नका. यहोशवाने वेढा दिल्यावर यरीहो शहराच्या भिंती कोसळल्या, असं बायबल सांगतं. तिथल्या पडलेल्या भिंती त्याच काळातल्या, असं १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गारस्टँग यांनी जाहीर केलं. १९५०च्या दशकात कॅथलीन केनयन यांनी तिथेच पुन्हा खोदलं, तेव्हा त्या भिंती कितीतरी शतकं आधीच्या निघाल्या. यरीहोवरचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते केनयन यांच्या आधीचं की नंतरचं, हे आधी तपासा.