इंटरनेट नसताना एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये मोठी फाइल कशी पाठवावी

एक जीबीचा लग्नाचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवायला बसलात तर तासभर तरी हलायला नको. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर डेटा संपतो, शिवाय चित्राची रया जाते. पूर्वी अशा वेळी शेअरइट किंवा झेंडर असायचं. जून 2020 मध्ये भारतात दोन्हींवर बंदी आली. आता वेगळं अ‍ॅप शोधायची गरजही नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर आधीपासूनच असतं.

दोन्ही फोनचं ब्लूटूथ आणि वायफाय चालू करा. वायफाय फक्त चालू हवं, कुठल्या नेटवर्कला जोडलेलं असायलाच हवं असं नाही. इथेच बरेच जण अडतात आणि उगाच हॉटस्पॉट लावत बसतात. ब्लूटूथचं काम एकमेकांना शोधण्यापुरतं; फाइल जाते ती बहुतेक वेळा वायफाय डायरेक्टवरून. त्यात दोघांपैकी एक फोन तात्पुरता राउटर होतो आणि दुसरा त्याला जोडला जातो.

ज्याला फाइल घ्यायची आहे त्याने वरची पट्टी खाली ओढून क्विक शेअर उघडावं आणि ‘मला कोण पाहू शकतं’ यात दहा मिनिटांपुरतं ‘सर्वजण’ निवडावं. कायमचं ठेवू नका. एसटीत किंवा लोकलमध्ये अनोळखी माणसांच्या फाइली येऊ लागतील. मग पाठवणाऱ्याने फाइल निवडून शेअर दाबावं, क्विक शेअरवर जावं आणि समोरच्याचं नाव निवडावं. घेणाऱ्याने नाव आणि पिन दिसत असेल तर तोही जुळवून ‘स्वीकारा’ दाबावं. फाइल सहसा डाउनलोड्समध्ये सापडते.

नावच दिसत नसेल तर लोकेशन चालू करून पाहा. अँड्रॉइड 12 पर्यंतच्या फोनना जवळची वायफाय उपकरणं शोधायला ते लागतं. बॅटरी सेव्हर, व्हीपीएन आणि आधीपासून लावलेला हॉटस्पॉट बंद करा. फोन जवळ ठेवा, मध्ये भिंत नको.

आयफोन ते आयफोन पाठवायचं असेल तर हेच काम एअरड्रॉप करतं.

काही प्रिंटरही असेच वायफाय डायरेक्टने फोनला जोडता येतात. वायफायच्या यादीत ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं नाव दिसलं तर तो बहुधा जवळचा प्रिंटर असतो. त्याचा पासवर्ड प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्यानेच छापलेल्या माहितीच्या पानावर मिळतो.