गोव्यात खासगी घर भाड्याने घेताना हिशेब कसा करावा

गोव्यात हॉटेलऐवजी कुणाचे तरी खासगी घर भाड्याने घेणे स्वस्त पडते का, याचे उत्तर ॲपवर दिसणाऱ्या पहिल्या आकड्यात नसते. समजा, एका रात्रीचा दर 3,000 रुपये आहे आणि तीन रात्री राहायचे आहे. त्यात सफाईचे 1,500 आणि सेवाशुल्काचे 1,300 रुपये मिळवले, की एकूण 11,800 रुपये होतात, म्हणजे रात्रीमागे जवळपास 3,930. एका रात्रीसाठी आलेल्या जोडप्याला त्यामुळे बहुधा हॉटेलच बरे पडेल. पाच-सहा जणांच्या कुटुंबाने आठवडाभर राहून म्हापशाच्या बाजारातून मासळी-भाजी आणून घरीच स्वयंपाक केला, तर मात्र घराला तोड नाही.

एसीची वीज वेगळी आकारतात का, हे आधी लेखी विचारावे. मांद्र्याला एकदा मी ते विचारले नाही आणि निघताना, सामान अंगणात काढलेले असताना, बिलावरून वाद झाला. तेव्हापासून घरात पाऊल टाकताच मीटरच्या आकड्यांचा फोटो काढते. घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, तेही पाहावे, कारण गोव्यात 1982 च्या कायद्यानुसार ती आवश्यक आहे.

घरमालक आपली स्कूटर भाड्याने देऊ करतील. तिची नंबरप्लेट पांढरी असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा असून, अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडकू शकते.