ऑब्जेक्टचा प्रकार सुरक्षितपणे कसा तपासावा

जावामध्ये 'आकार' या मूळ क्लासच्या व्हेरिएबलमधील ऑब्जेक्ट थेट 'वर्तुळ' म्हणून कास्ट केले (म्हणजे ते त्या उपक्लासचेच आहे असे कोडमध्ये सांगितले) आणि ते प्रत्यक्षात 'चौरस' निघाले, तर कंपायलर काहीच बोलत नाही; प्रोग्राम चालू असताना मात्र क्लासकास्टएक्सेप्शन येते. म्हणून कास्टपूर्वी, ऑब्जेक्ट त्या प्रकारचे आहे का हे सांगणाऱ्या इन्स्टन्सऑफ या ऑपरेटरने तपासणी करावी. व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे कोणतेच ऑब्जेक्ट नाही) असल्यास हा ऑपरेटर फॉल्स देतो, त्यामुळे नलची वेगळी तपासणी लागत नाही. २०२१ मध्ये आलेल्या जावा १६ पासून अटीतच प्रकारापुढे नवे नाव लिहिता येते आणि अट खरी ठरल्यावर ते नाव कास्ट न करता वापरता येते. आधी तपासणी आणि मग वेगळ्या ओळीत कास्ट, ही जुनी दोन ओळींची पद्धत आता सोडलेलीच बरी.

ऑब्जेक्टचा क्लास सांगणाऱ्या गेटक्लास या मेथडने केलेली तुलना नेमका तोच क्लास मागते व उपक्लास नाकारते, शिवाय नलवर ती मेथड बोलावल्यास नलपॉइंटरएक्सेप्शन येते.

पायथनमध्ये याच कारणासाठी टाइपच्या तुलनेऐवजी इझइन्स्टन्स हे फंक्शन वापरावे; पण तेथे बूल (ट्रू व फॉल्सचा प्रकार) हा इंटचा (पूर्णांकाच्या प्रकाराचा) उपक्लास असल्याने ट्रूसुद्धा पूर्णांक म्हणून खपून जाते (अनेकांना हे उशिरा कळते), तेव्हा बूलची तपासणी आधी करावी.

प्रकार तपासणाऱ्या अटींची रांगच लागली असेल, तर त्या अटींऐवजी, उदाहरणार्थ, क्षेत्रफळाची मेथड 'आकार' मध्ये घोषित करून प्रत्येक उपक्लासमध्ये ओव्हरराइड करावी, म्हणजे त्या उपक्लाससाठी नव्याने लिहावी.